थायरॉइड निघालं? ताटाआधी घड्याळ बघा

मे महिना, चोपड्याजवळचं आमचं गाव. रात्री गच्चीवर अख्खं घर ओल्या चादरी अंगावर घेऊन पडलेलं आणि मी एकटी गोधडी गुंडाळून. सासूबाईंनी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. "काय व्हयनं व माय तुले?" त्यांनी विचारलं. काय झालंय ते मलाच कळायला पुढे सात महिने लागले. मधल्या काळात ताकदीच्या गोळ्या झाल्या, सलाईन झालं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका" झालं, एका नातेवाईक बाईंनी तर दृष्टही काढली. डिसेंबरात कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं आणि टीएसएच (थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारा आकडा, साधारण ४ च्या आत हवा) निघालं १८.६.

याला सहा वर्षं झाली. आता भावकीत किंवा आमच्या शाळेत कुणाचं 'थायरॉइड निघालं' की फोन मला येतो. (थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, ती सगळ्यांनाच असते. निघालेलं असतं तिचं मंदावलेलं काम. पण आपल्याकडे असंच बोलतात, मीही बोलते.) फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, काय काय खायचं बंद करू?" माझं उत्तरही ठरलेलं: ताटातून फारसं काही काढायचं नाही, आधी घड्याळ सुधारा. म्हणजे काय, ते पाचव्या आणि सहाव्या पायरीत सांगते. घाई असेल तर सरळ तिथेच जा.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. गोळीचा डोस ठरवणं हे डॉक्टरांचंच काम. मी सांगतेय ते त्यांच्याकडे जाण्याआधीचं आणि तिथून घरी आल्यानंतरचं.

१. लक्षणं वहीत उतरवा

या आजाराची लबाडी अशी की प्रत्येक लक्षणाला दुसरं कारण सापडतं. थकवा आला तर कामं जास्त झाली, केस गळाले तर बोअरचं पाणी जड, वजन वाढलं तर वय झालं. म्हणून सगळं एका पानावर आणा: थकवा, सगळ्यांना उकडत असताना थंडी वाजणं, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठता, घोगरा आवाज, सकाळी सुजलेला चेहरा, पायात गोळे येणं, विसरभोळेपणा, मन उदास राहणं, पाळी लांबणं किंवा खूप जास्त जाणं. समोर तारीख टाका. माझ्या वहीत अशा नऊ गोष्टी एकाखाली एक आल्या तेव्हा मलाच धक्का बसला.

गळ्यापुढे गाठ किंवा फुगवटा दिसत असेल तर तेही लिहा आणि थांबू नका. घरात आईला, बहिणीला, मावशीला हा त्रास असेल तर तेही लिहा, हा आजार घराण्यात फिरतो. पुरुषांना कमी होतो, पण होतो. आमच्याच शाळेतले एक सर दोन वर्षं नुसती कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते, मूळ दुखणं थायरॉइडचं होतं. ही ग्रंथी मंदावली की कोलेस्टेरॉलही वाढतं.

२. तपासणी नीट करून घ्या

सुरुवातीला टीएसएच पुरे. ते वाढलेलं निघालं तर फ्री टी-४ (थायरॉइड बनवते ते संप्रेरक), आणि कारण कळावं म्हणून एकदाच अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठलंय का, ते सांगणारी तपासणी). भलंमोठं 'फुल बॉडी पॅकेज' घ्यायची गरज नाही.

टीएसएच दिवसभरात वरखाली होत असतं, पहाटेकडे जास्त आणि दुपारी कमी. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला, शक्य तर त्याच लॅबमध्ये रक्त द्या. एकदा जळगावला, पुढच्या वेळी गावातल्या कलेक्शन सेंटरला असं केलं तर आकड्यांची तुलना करताना गोंधळ होतो. गोळी आधीच सुरू असेल तर त्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

एक सापळा फारच कमी लोकांना माहीत आहे. केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते काही तपासण्यांचे आकडेच बिघडवतं. आता गंमत बघा: थायरॉइडमुळे केस गळतात, म्हणून बाई बायोटिन घेते, आणि बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबवाल्यांना तसं सांगा.

मोठ्या तापातून किंवा दवाखान्यातून नुकतेच उठला असाल तर काही आठवडे थांबून तपासा. आजारपणातही टीएसएच हलतं.

३. रिपोर्ट उलटा वाचू नका

"माझं टीएसएच वाढलंय, म्हणजे थायरॉइड वाढलं ना?" नाही, कमी झालं. शेतात मजूर हळू पडले की मुकादमाचा आवाज चढतो, तसं हे आहे. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, म्हणजे मुकादमाचा आवाज. थायरॉइड सुस्तावली की तो चढतो, आणि थायरॉइड जास्त काम करू लागली की खाली येतो. हे उलटं गणित डोक्यात बसलं नाही तर माणूस चुकीचं पथ्य आणि कधी चुकीचं औषधही शोधत बसतो.

प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. तुमच्या लॅबची मर्यादा रिपोर्टवर बाजूला छापलेली असते, ती बघा. टीएसएच ४ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी-४ व्यवस्थित असेल तर त्याला सबक्लिनिकल म्हणतात. अशा वेळी बरेच डॉक्टर लगेच गोळी न देता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, आणि कित्येकांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. म्हाताऱ्या माणसांचं टीएसएच मुळातच थोडं वर असू शकतं. १० च्या वर असेल तर मात्र बहुतेक वेळा उपचार सुरू होतात.

अँटी-टीपीओ वाढलेलं निघालं तर कारण बहुधा 'हाशिमोटो'. हकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उठते. आयोडीनयुक्त मीठ सगळीकडे मिळतं तिथे थायरॉइड मंदावण्याचं हेच सर्वांत मोठं कारण. आपण काही चुकीचं खाल्लं म्हणून ते होत नाही. हे वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी ऐकवलं असतं तर महिनाभर मी स्वतःला बोल लावत बसले नसते.

४. डॉक्टरकडे जाताना पिशवीत काय हवं

- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- लक्षणांचं पान
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट. लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची गोळी, गर्भनिरोधक गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन आणि मानसिक आजारातलं लिथियम या औषधांनी थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून लपवू नका.
- सध्याचं वजन
- सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर आधार कार्ड आणि जुना केसपेपर. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर वेळी नाशिक-पुणे गाठायची गरज नसते.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

५. गोळीची वेळ: सगळं गाडं अडतं ते इथे

गोळीतलं औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, आपली ग्रंथी बनवते तेच टी-४. ते रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही घ्यायचं नाही. 'काहीही' मध्ये चहा येतो. खान्देशात हे सांगणं सोपं, पाळणं महाकठीण. आमच्याकडे पहाटे पाचला चूल पेटते ती चहासाठीच.

मी पहिले दोन महिने ५० मायक्रोग्रॅमची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत होते. वर आठ वाजता नाश्त्यानंतर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, कारण पाळीच्या त्रासाने हिमोग्लोबिन ९.२ वर आलं होतं. दोन महिन्यांनी टीएसएच १२. मला वाटलं, आता डोस दुप्पट होणार. डॉक्टरांनी डोस तसाच ठेवला आणि एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" त्यांनी फक्त वेळा बदलल्या. पुढच्या तपासणीत आकडा ४.८. नंतर ७५ मायक्रोग्रॅमवर २.३ ला स्थिरावला. पहिले दोन महिने गोळीचा बराचसा भाग पोटातून तसाच वाहून गेला होता.

माझं आजचं वेळापत्रक असं आहे:

पहाटे ५ – गोळी, पेलाभर पाणी. बाटली उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी.
पहाटे ६ – चहा. (कॉफी असेल तर पूर्ण तास सोडाच.)
सकाळी ८ – नाश्ता.
दुपारी १ – जेवण, आणि जेवणाच्या आगेमागे लोह.
रात्री – कॅल्शियम.

लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. दूध, सोयाबीन आणि इसबगोलही गोळीजवळ नकोत. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल घेत असाल तर ते रात्री घ्या.

ज्यांना पहाटेचं जमतच नाही, त्यांना रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी, घेता येते. डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि तीच ठेवा.

गोळी चुकली तर? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले आणि बाटली सासरी राहिली, हे माझ्या हातून दोनदा झालंय. या औषधाचा शरीरातला अर्धा भाग संपायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने काही कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सुरू करा. पण आठवडा आठवडा विसरणं अंगाशी येतं.

आता बाटली कुठे ठेवायची ते. उष्णता, उजेड आणि ओल या तिन्हींनी हे औषध बिघडतं, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. चुलीजवळची फळी नको, खिडकी नको, गाडीचा डॅशबोर्ड तर अजिबात नको. "गार राहील" म्हणून आमच्या एका मावशींनी बाटली माठाशेजारी ठेवली. ओल लागली, गोळ्या भुसभुशीत झाल्या. मी मधल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवते. मूळ बाटलीतच ठेवते, झाकण घट्ट लावून.

शेजारणीची गोळी आपली नव्हे, हेही इथेच सांगते. पूर्ण डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम असा वजनावर निघतो. वयस्कर माणसाला किंवा हृदयरोग्याला १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात. त्यांना एकदम १०० दिली तर छातीत धडधड आणि त्याहून वाईट काही होऊ शकतं.

६. आता ताट

मीठ. थायरॉइडचा कच्चा माल आयोडीन. टी-४ च्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, नावातला चार तोच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. भारतात आयोडीनविना खाण्याचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे आणि घरी पोहोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. लोणच्याला, पापडाला, बिबड्यांना खडे मीठ वापरतो ते ठीक, वर्षातून एकदाची गोष्ट. अडचण होते ती 'आरोग्याला चांगलं' म्हणून रोजच्या भाजीत सैंधव घालणाऱ्या घरांत, कारण सैंधवात आयोडीन नगण्य. उपवासाला वापरा, रोज नको. आयोडीनयुक्त मीठ चुलीपासून लांब, झाकणाच्या बरणीत ठेवा आणि भाजीत शेवटी घाला.

पण म्हणून मीठ जास्त खाऊ नका, आणि समुद्री शैवालाच्या 'थायरॉइड सपोर्ट' गोळ्या तर मुळीच नकोत. हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने काम आणखी बिघडू शकतं.

बाजरी. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांनी तो फार चिघळवलाय. बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक आहेत, हे खरं आहे. ते भाजल्याने जात नाहीत, हेही खरं. सुदानच्या दारफूर भागात बाजरी आणि गलगंड यांचा संबंध अभ्यासला गेला. पण तिथली माणसं जवळपास बाजरीवरच जगत होती आणि आयोडीनचीही वानवा होती. आपलं मीठ आयोडीनचं आहे, ताटात डाळ-भाजी आहे, गोळी सुरू आहे. मी थंडीत आठवड्यातून दोन-तीनदा बाजरीची भाकरी लोणी लावून खाते, एरवी दादर ज्वारी. माझा आकडा हललेला नाही. तिन्ही त्रिकाळ बाजरीच खात असाल तर आलटून पालटून ज्वारी घ्या, एवढंच.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांचं तसंच. शिजवल्यावर त्यांचा त्रासदायक भाग बराच कमी होतो, आणि आपण कच्च्या कोबीचा रस कुठे पितो? सोयाबीनच्या वड्यांनी ग्रंथी बंद पडत नाही, त्या गोळीच्या शोषणात आड येतात, म्हणून फक्त अंतर ठेवा. शेंगदाणे बंद करा म्हणणाऱ्यांना मी हसते. खान्देशात शेंगदाण्याविना भाजी करायची म्हणजे काय करायचं?

लोह. याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. थायरॉइडचं संप्रेरक बनवणाऱ्या एंझाइमला काम करायला लोह लागतं, आणि आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं नेहमीचं. दोन्ही एकत्र आले की थकवा कशाचा, हेच कळत नाही. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. मेथी, पालेभाज्या, काळ्या उडदाची डाळ, कळण्याची भाकरी खा, वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, तो लोहही अडवतो.

कळण्याच्या भाकरीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तिचं कुणी कौतुक करत नाही. ज्वारी आणि काळे उडीद सालासकट एकत्र दळायचे. धान्याला डाळीची जोड मिळाली, चोथा मिळाला, लोहही आलं. बद्धकोष्ठतेला मला जेवढा उपयोग हिचा झाला तेवढा महागड्या ओट्सचा झाला नाही. सोबत ठेचा, कांदा आणि वांग्याचं भरीत.

सेलेनियम हे खनिजही लागतं, टी-४ चं टी-३, म्हणजे शरीर प्रत्यक्ष वापरतं ते संप्रेरक, करायला. अंडी, मासे, धान्य, डाळी यांतून ते मिळतं. वेगळ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, जास्त झालं तर केस आणि नखंच जातात. गहू सोडायचा तो सीलिअ‍ॅक हा आजार तपासणीत निघाला तरच. केळीचं पथ्य नाही. जळगाव जिल्ह्यात राहून केळी सोडायला कोण सांगतं, देव जाणे.

वजन. कडू वाटेल, पण ऐका. थायरॉइडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातलंही बरंचसं मीठ-पाणी साठल्याचं. माझं अकरा किलो वाढलं होतं. गोळीने चार उतरले. उरलेले सात शेवभाजीच्या तर्रीचे आणि बसून राहण्याचे होते, ते चालूनच उतरवावे लागले. वजन उतरावं म्हणून स्वतःच गोळी वाढवू नका. जास्त डोसने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात.

आणि ते चूर्ण. माझ्या जाऊबाईंनी यात्रेतल्या एका दुकानातून 'थायरॉइड मुळापासून बरं' करणारा डबा आणला. आत काय आहे हे डब्यावर कुठेच नव्हतं. त्यांनी गोळी सोडली, चार महिन्यांत टीएसएच ४० च्या पुढे.

७. पुन्हा तपासणी

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. पंधरा दिवसांत केलं तर पैसे वाया, आकडा अजून स्थिरावलेला नसतो. एकदा बसला की सहा महिन्यांनी, मग वर्षाला. गोळीची कंपनी बदलली तरी सहा-आठ आठवड्यांनी एकदा तपासा. जनऔषधी केंद्रात हे औषध स्वस्तात मिळतं, तिथून घ्यायचं तर दर वेळी तिथूनच घ्या.

"रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करते." हा फोन मला वर्षातून चार-पाचदा येतो. नॉर्मल आला तो गोळीमुळे. काहींची गोळी खरंच सुटते, विशेषतः बाळंतपणानंतर तात्पुरता बिघाड झालेला असेल तर. पण ती डॉक्टर तपासून सोडवतात.

८. दिवस राहिले तर

इथे थांबायचं नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे टी-४ वर, अवलंबून असते आणि आईची गरज सुरुवातीलाच पाव हिश्शाहून अधिक वाढते. गोळी सुरू असलेल्या बाईने चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावं, सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नये. त्या काळात टीएसएच दर महिन्याला बघतात. लोह आणि कॅल्शियम तेव्हाच सुरू होतं, म्हणून चार तासांचं अंतर दुप्पट काळजीने सांभाळा.

बाळ झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्याच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच करता येतं. दवाखान्यातून सुटी घेण्याआधी स्वतःहून विचारा, सगळीकडे आपणहून करत नाहीत. जन्मतः थायरॉइड मंद असलेलं बाळ सुरुवातीला अगदी धट्टंकट्टं दिसतं, आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर ते इतर मुलांसारखंच वाढतं.

घरात कुणी वयस्कर माणूस गोळी सोडून बसलं असेल आणि एकाएकी फार झोपाळू झालं, असंबद्ध बोलू लागलं, अंग थंड पडलं, श्वास मंदावला, तर सकाळ उजाडायची वाट न बघता १०८ ला फोन करा. गोळीची बाटली बरोबर न्या.